३-४-५ च्या पलीकडचा त्रिकोण

प्रिय मीरा,
अनेक आशीर्वाद.

तू जावात लिहिलेला त्रिकोणाचा प्रोग्रॅम, म्हणजे तुझा क्लास, सावकाश वाचला. तीन बाजू, परिमिती, क्षेत्रफळ आणि खाली टेस्ट, सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. नावं नेटकी आहेत, मेथड, म्हणजे एकेक काम करणारे कोडचे तुकडे, छोट्या आहेत. कौतुक करून झालं, आता कामाचं.

३-४-५ चं क्षेत्रफळ ६, ५-१२-१३ चं ३०, ५-५-६ चं १२. तुझ्या टेस्टमधली ही उत्तरं बरोबर आहेत आणि तरीही क्षेत्रफळाची मेथड चुकलेली आहे. १-१-१ घालून बघ. उत्तर शून्य येईल.

बाजू तू इंट, म्हणजे फक्त पूर्णांक, घेतल्यास आणि अर्धपरिमिती काढताना तिघींची बेरीज २ ने भागलीस. इंटला इंटने भागलं की जावा अपूर्णांक सरळ टाकून देतं. ते उत्तर डबलमध्ये, म्हणजे दशांश मावणाऱ्या प्रकारात, ठेवलंयस खरं, पण तोवर भागाकार उरकलेला असतो, गेलेला अर्धा परत येत नाही. ३ भागिले २ झाले १, त्यातून बाजू वजा केली की शून्य, आणि हेरॉनच्या सूत्रातला (अर्धपरिमिती आणि तिच्यातून एकेक बाजू वजा करून आलेले तीन आकडे यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ म्हणजे क्षेत्रफळ) अख्खा गुणाकारच शून्य. २ च्या जागी २.० लिहिलंस की झालं.

दुरुस्ती एवढीशी, पण टेस्टना ही चूक का सापडली नाही ते बघ, कारण मला खरी मजा तिथे वाटली. उत्तर हाताने पडताळता यावं म्हणून तू सुबक त्रिकोण निवडलेस. मीही तेच केलं असतं. पण ज्या त्रिकोणाच्या तिन्ही बाजू पूर्णांक आणि क्षेत्रफळही पूर्णांक, त्याची परिमिती नेहमी समच असते. समसंख्येला २ ने भागताना काही सांडतच नाही. म्हणजे असले सुबक त्रिकोण तू पाचशे घेतलेस तरी ही चूक लपूनच राहणार. तेव्हा टेस्टसाठी आकडे शोधताना ‘उत्तर सोपं कशाचं?’ याच्या जोडीला ‘हा कोड कुठे घसरेल?’ हेही विचारत जा. इथे एक सम परिमितीचा आणि एक विषम परिमितीचा त्रिकोण पुरे.

१-१-१ चं उत्तर हेरॉनला न विचारताही मिळतं: ३ चं वर्गमूळ भागिले ४, म्हणजे साधारण ०.४३३०१. अपेक्षित उत्तर असं दुसऱ्या वाटेने आलेलं हवं. शेवटच्या टेस्टमध्ये तू मेथडमधलीच ओळ उचलून अपेक्षित उत्तराच्या जागी चिकटवली आहेस. हे चोरालाच पंच नेमण्यासारखं झालं, ती टेस्ट काढून टाक. आणि डबलची तुलना करताना, अपेक्षित आणि आलेलं उत्तर ताडून पाहणाऱ्या असर्ट-इक्वल्सला किती फरक चालेल तो तिसरा आकडा दे, ०.०००००१ वगैरे.

आता सेटर, म्हणजे बनलेल्या त्रिकोणाची बाजू बदलणारी मेथड. कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे त्रिकोण बनवतानाच, तू बाजू तपासतेस, सेटरमध्ये नाही. त्यामुळे ३-४-५ बनवून पहिली बाजू ५० केली तरी क्लास हूं की चूं करत नाही. मग सेटरमध्येही तपासणी घालावी म्हणशील, तर ३-४-५ चा ३०-४०-५० करून बघ. पहिली बाजू ३० केलीस की मधल्या अवस्थेत ३०-४-५ उरतो, तो त्रिकोणच नाही, आणि एक्सेप्शन येतं, म्हणजे प्रोग्रॅम चूक दाखवून अडतो. शेवट बरोबर असूनही वाट बंद. माझं मत विचारशील तर सेटर काढूनच टाक, बाजू फायनल, म्हणजे नंतर न बदलणाऱ्या, कर आणि मोठा त्रिकोण हवा असेल तर नवा ऑब्जेक्ट, म्हणजे नवा त्रिकोणच, परत देणारी मेथड लिही. एकदा त्रिकोण बनला की तो कायम त्रिकोणच राहतो, मग पुढच्या कुठल्याही मेथडला शंका घ्यावी लागत नाही.

कन्स्ट्रक्टरच्या टेस्टमध्ये १-२-३ नाही, ती घाल. दोन बाजूंची बेरीज तिसरीएवढीच, म्हणजे त्रिकोण चपटा होऊन रेघ उरते. तुझी तपासणी ‘पेक्षा मोठी’ आहे की ‘मोठी किंवा समान’, हे फक्त तिथेच कळतं. शिवाय १-२-१०, १-१०-२ आणि १०-१-२ अशा तिन्ही क्रमांनी नकार मिळतो का ते बघ. उद्या बाजू डबल केल्यास तर ०.१, ०.२, ०.३ हा चपटा त्रिकोण मात्र तपासणीतून सुटेल, कारण डबलमध्ये पहिल्या दोघांची बेरीज ०.३०००००००००००००००४ भरते. तो प्रश्न सध्या बाजूला ठेव, इंटवर आधी सगळं पक्कं होऊ दे.

एक गोष्ट तुलाच ठरवायची आहे: ३-४-५ आणि ५-३-४ हे एकच त्रिकोण मानायचे का? मानणार असशील तर इक्वल्सबरोबर (दोन ऑब्जेक्ट समान आहेत का ते सांगणारी मेथड) हॅशकोडही (ऑब्जेक्टवरून काढलेला आकडा) क्रमावर अवलंबून राहता कामा नये. मी असते तर कन्स्ट्रक्टरमध्येच बाजू चढत्या क्रमाने लावून घेतल्या असत्या. मग तपासणी एकाच ओळीत होते: लहान दोघींची बेरीज मोठीपेक्षा जास्त हवी. शून्य आणि ऋण बाजूही त्याच ओळीत अडकतात. कशा, ते कागदावर मांडून बघ आणि सुधारलेला क्लास पाठव.

तुझी,
आई