भोळा स्टुअर्ट म्हणजे अर्धाच स्टुअर्ट

मा. संपादक,

आपल्या पुरवणीतला हॉलीवूडचा अभिनेता जेम्स स्टुअर्ट याच्यावरचा लेख आवडला; मात्र 'इट्स अ वंडरफुल लाईफ' (1946) नंतरची कारकीर्द त्यात चार ओळींत उरकली आहे. अडखळत बोलणारा भोळा नायक हीच त्याची ओळख राहिली, यात अभिनयाइतकाच हक्कांच्या कागदपत्रांचा हात आहे. नूतनीकरण राहून गेल्याने 1974 मध्ये या चित्रपटाचा कॉपीराइट सुटला आणि अमेरिकेतली टीव्ही केंद्रे दर नाताळात तो दाखवत सुटली. उलट दिग्दर्शक हिचकॉकबरोबरचे चारही चित्रपट ('रोप', 'रिअर विंडो', 'द मॅन हू न्यू टू मच', 'व्हर्टिगो') हक्कांच्या कुलपात होते. ते 1983 पासून पुन्हा पडद्यावर आले.

दुसऱ्या महायुद्धाबद्दलही लेखात अवाक्षर नाही. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याच्या आधीच, 1941 मध्ये, तो सैन्यात गेला आणि पुढे बॉम्बर विमानांच्या 20 मोहिमांवर उडाला. बेळगावसारख्या मराठा लाईट इन्फंट्रीच्या गावात हे सुटायला नको होते.

खरे वळण 1950 च्या 'विंचेस्टर 73'चे. ठरलेल्या मानधनाऐवजी त्याने नफ्यात हिस्सा घेतला. आपल्याकडे वाट्याने शेत करतात, तसाच व्यवहार. दिग्दर्शक अँथनी मान. दोघांचे 8 चित्रपट झाले. त्यांतल्या वेस्टर्नपटांतला (काउबॉय-बंदुकांच्या चित्रपटांतला) स्टुअर्ट चिडका, सूडाने पेटलेला आहे. 'द नेकेड स्पर' (1953) मध्ये तर तो बक्षिसाच्या पैशांसाठी माणूस धरून नेतो.

खानापूर, निपाणीकडे महाविद्यालयांत हे चित्रपट दाखवायचे तर प्रोजेक्टरची सेटिंग आधी तपासावी. 'विंचेस्टर'पर्यंतच्या चित्रपटांची चौकट 1.37:1 (रुंदी:उंची) आहे. 10 फूट रुंद 16:9 पडद्यावर ते चित्र पावणेआठ फुटांच्या आतच बसते. बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. पडदा भरावा म्हणून चित्र ताणले, की रुंदी सुमारे 30 टक्के वाढते आणि सव्वासहा फुटी सडपातळ स्टुअर्ट गोलमटोल दिसतो. झूम केले तर डोकी उडतात. 'द मॅन फ्रॉम लारामी' (1955) सिनेमास्कोपमध्ये, म्हणजे खूप रुंद चौकटीत, आहे. त्याच पडद्यावर त्याची उंची जेमतेम 4 फूट उरते, तेव्हा खुर्च्या पुढे सरकवाव्यात. 'वंडरफुल लाईफ'ची मागाहून रंगवलेली प्रत तर आणूच नये.

सुरुवात 'विंचेस्टर 73'ने करावी, 'व्हर्टिगो' शेवटी ठेवावा.

– काही चित्रपटरसिक, टिळकवाडी, बेळगाव