बासच्या मुद्रणाला ॲम्प्लिफायरची अट कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरगुती ध्वनिमुद्रणाविषयी आपल्या पुरवणीत सुरू असलेल्या लेखमालेतील बास गिटारवरचा भाग वाचला. आधीचे भाग उपयुक्त होते. मात्र या भागात, चांगला ॲम्प्लिफायर आणि त्यापुढे लावायला मायक्रोफोन नसेल तर बासचे मुद्रण घरी करण्याच्या फंदात पडू नये, असा जो निष्कर्ष काढला आहे तो पटण्यासारखा नाही. नवशिक्या वादकाला तो विनाकारण मागे खेचणारा आहे, आणि वस्तुस्थिती जवळजवळ त्याच्या उलट असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

ॲम्प्लिफायर टाळून बासचा सिग्नल थेट मुद्रित करणे ही नाइलाजाने पत्करलेली पळवाट नाही. 1960च्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत बासवादक जेम्स जेमरसन यांचा बास बहुतांशी थेट कन्सोललाच (मुद्रणाच्या नियंत्रण-टेबलालाच) जोडलेला असे, आणि त्या मुद्रणांतील बास आजही अभ्यासाचा विषय आहे. मोठ्या स्टुडिओंतही ॲम्प्लिफायरपुढे मायक्रोफोन लावला तरी त्याच्या जोडीने थेट सिग्नलचा वेगळा ट्रॅक घेण्याची पद्धत रूढ आहे. अंतिम मिश्रणात पुष्कळदा त्या थेट ट्रॅकवरच भिस्त असते.

घरच्या खोलीत तर मायक्रोफोनची बाजू आणखी लंगडी पडते, आणि त्याचे कारण साध्या भौतिकशास्त्रात आहे. चार तारांच्या बासची सर्वांत खालची मोकळी तार सुमारे 41 हर्ट्झला कंप पावते, म्हणजे हवेतील त्या ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरहून अधिक भरते. साडेतीन मीटर लांबीच्या खोलीत पहिली स्थिर लहर (भिंतींमध्ये परावर्तित होत जागीच उभी राहणारी लहर) 49 हर्ट्झच्या आसपास उभी राहते, आणि त्याच तारेवर तिसऱ्या फ्रेटला (मानेवरच्या आडव्या पट्टीला) वाजणारा स्वरही नेमका तिथेच येतो. परिणामी भिंतीजवळच्या मायक्रोफोनला तो एक स्वर घुमलेला ऐकू येतो, खोलीच्या मध्यावर ठेवलेल्या मायक्रोफोनला तोच स्वर जवळजवळ हरवलेला वाटतो, आणि शेजारचे स्वर मात्र आपापल्या जागी असतात. वादकाने सर्व स्वर सारख्या जोराने वाजवले तरी मुद्रणात ते उंचसखल उतरतात. हा दोष ॲम्प्लिफायर कितीही उंची असला तरी दूर होत नाही, कारण तो खोलीच्या मोजमापांतून येतो. भिंतींवर चिकटवलेल्या पातळ फोमचा एवढ्या खालच्या कंप्रतांवर काहीही परिणाम होत नाही, हेही इथे सांगायला हवे. थेट मुद्रणात खोलीचा संबंधच येत नाही. शेजाऱ्यांच्या झोपेचा प्रश्न मिटतो तो वेगळाच.

थेट मुद्रणाविषयी तक्रार असते ती बहुधा आवाज कोरडा, किरकिरा आणि पातळ येतो अशी. ही तक्रार खोटी नाही, पण तिच्यामागे दोन अगदी वेगळी कारणे असतात आणि ती एकमेकांत मिसळली जातात.

पहिले कारण चुकीच्या ठिकाणी जोडलेली केबल. पॅसिव्ह, म्हणजे आत बॅटरी नसलेल्या, बासच्या पिकअपमध्ये (तारांची कंपने विद्युत सिग्नलमध्ये बदलणाऱ्या भागात) बारीक तारेचे हजारो वेढे असतात आणि त्याचा इम्पिडन्स (विद्युत सिग्नलला होणारा विरोध) वरच्या कंप्रतांकडे वाढत जातो. असा पिकअप सुमारे दहा किलोओमच्या लाइन इनपुटला (कीबोर्डसारख्या जोरकस सिग्नलसाठीच्या जोडणीला) जोडला, तर पातळी घटते आणि आवाजातील वरचा तजेला निघून जातो. पुढे इक्वलायझरने कितीही ओढले तरी तो नैसर्गिकपणे परत येत नाही. यासाठी ऑडिओ इंटरफेसवर (वाद्य संगणकाला जोडणाऱ्या उपकरणावर) वाद्याचे वेगळे इनपुट असते, त्याला ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय झेड’ म्हणतात आणि त्याचा इम्पिडन्स साधारण एक मेगाओम असतो. ते नसेल तर डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मायक्रोफोनच्या इनपुटाजोगा करणारी छोटी पेटी) वापरून मायक्रोफोनच्या इनपुटात सिग्नल न्यावा. वाद्यातच बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प (सिग्नल आधीच वाढवणारे सर्किट) असलेल्या ॲक्टिव्ह बासला हा प्रश्न फारसा भेडसावत नाही. तिथे उलट सिग्नल इतका जोरकस असतो की इनपुटच फाटते. अनेक इंटरफेसवर केवळ एक छोटे बटण दाबल्याने हे सगळे निभावते आणि नेमके तेच बटण दाबायचे राहून जाते. आपल्या लेखात त्याचा एका शब्दानेही उल्लेख नाही, याचे नवल वाटले.

दुसरे कारण असे की बासच्या कॅबिनेटमधील (स्पीकरच्या पेटीतील) मोठे स्पीकर चार-पाच हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही ऐकवतच नाहीत. निदान ट्वीटर (उंच कंप्रतांसाठीचा छोटा स्पीकर) नसलेल्या जुन्या धाटणीच्या कॅबिनेटचे तसे असते. तारेवर घासणारे बोट, फ्रेटवर आपटणारी तार, नखाचा स्पर्श हे सारे तिथे आपोआप गाळले जाते आणि थेट मुद्रणात मात्र जसेच्या तसे उतरते. तेव्हा ॲम्प्लिफायरची उणीव म्हणून जे कानाला खटकते, त्यातले पुष्कळसे केवळ या गाळणीचे नसणे असते. वरच्या कंप्रता उतरवणारा एक साधा फिल्टर, किंवा एखाद्या कॅबिनेटचा इम्पल्स रिस्पॉन्स (त्या पेटीच्या ध्वनिगुणांची नोंदलेली छाप) लावला की आवाज ओळखीचा वाटू लागतो. त्यापुढे हवा असेल तर ॲम्प्लिफायरचा भास देणारा प्लगइन (मुद्रणाच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम) आहेच. न्यूरल ॲम्प मॉडेलरसारखे मुक्तस्रोत पर्यायही आता उपलब्ध आहेत.

तरीही प्लगइनच्या यादीत शिरण्याआधी वाद्याकडे पाहावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण थेट मुद्रणात लपायला जागा नसते. जेमरसन यांच्या बासवर चपट्या गुंडाळीच्या, क्वचितच बदललेल्या तारा होत्या, ब्रिजच्या (तारा ज्यावर टेकतात त्या बुडाकडच्या भागाच्या) झाकणाखाली फोम होता आणि उजव्या हाताची केवळ तर्जनी ते वापरत. त्यांच्या स्वराचा गोलावा तिथून येत होता. तारा नव्या आहेत की जुन्या, बोट ब्रिजजवळ पडते की मानेजवळ, न वाजणाऱ्या तारा नीट दाबून धरल्या आहेत की नाहीत, यांनी जो फरक पडतो तो बहुतेक प्लगइनांच्या फरकाहून मोठा असतो.

मुद्रणाची पातळी लाल दिव्यापर्यंत नेण्याची सवयही सोडावी. 24 बिटच्या मुद्रणात सर्वांत जोराचा आघात उणे दहा डेसिबलच्या आसपास राहिला तरी काही बिघडत नाही, आणि स्लॅप (अंगठ्याने तार आपटून) वाजवताना तेवढी मोकळी जागा लागतेच.

वाजवताना स्वतःला काय ऐकू येते, हा प्रश्न मात्र खरोखर नाजूक आहे. हेडफोनमध्ये कोरडा आवाज आला की वादक नकळत अधिक जोर लावतो आणि लय ताठरते. म्हणून ऐकताना प्लगइनमधून ऐकावे, पण मुद्रित करावा तो कोरडा, म्हणजे काहीही प्रक्रिया न केलेला, सिग्नल. 48 किलोहर्ट्झला 128 सॅम्पलचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) ठेवला तर एका दिशेचा विलंब पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत राहतो; जाण्यायेण्याचा एकूण विलंब याहून जास्त भरतो, तरी तो बहुधा चालून जातो. 512 सॅम्पलला मात्र एका दिशेलाच दहा मिलिसेकंदांहून अधिक लागतात आणि ठेक्यावर बसणे कठीण होते. संगणक तेवढा सक्षम नसेल तर इंटरफेसचे डायरेक्ट मॉनिटरिंग (संगणकात न जाता आवाज थेट हेडफोनला देण्याची सोय) वापरून कोरड्या आवाजाची सवय करून घ्यावी लागते.

गुणगुण हा आणखी एक त्रास. एकच कॉइल असलेला पिकअप विजेच्या तारांची 50 किंवा 60 हर्ट्झची गुणगुण पकडतो. जॅझ बास या मॉडेलवर दोन्ही पिकअपचे आवाज पूर्ण उघडल्यास ती बरीचशी कटते, आणि 1957पासूनच्या प्रिसिजन बासमधील दुभंगलेला पिकअप ती स्वतःच रद्द करतो. स्क्रीन आणि चार्जरपासून दूर बसणे, वाद्याची दिशा बदलून पाहणे हे उपाय फुकट आहेत. त्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कदापि मानू नये; तो जिवावर बेतणारा आहे. डीआय बॉक्सवरचे ‘ग्राउंड लिफ्ट’ बटण केवळ आवाजाच्या केबलपुरते असते आणि ते निर्धोक आहे.

ॲम्प्लिफायरची बाजू कुठे बळकट आहे, हेही मान्य करतो. वादक आणि स्पीकर एकाच खोलीत समोरासमोर असताना स्वर लांबत जाऊन स्वतःवरच पोसला जातो, ते थेट मुद्रणात होत नाही. मर्यादेपर्यंत ताणलेल्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरपुढे वाजवताना हाताला मिळणारा प्रतिसादही वेगळाच. ज्यांच्या संगीताचा तोच गाभा आहे, त्यांनी ॲम्प्लिफायर जरूर वापरावा. इतरांनी कोरडा ट्रॅक जपून ठेवला तर पुढे केव्हाही तो रीॲम्प बॉक्समधून (मुद्रित सिग्नल ॲम्प्लिफायरला देण्याजोगा करणाऱ्या पेटीतून) खऱ्या ॲम्प्लिफायरला देऊन पुन्हा मुद्रित करता येतो. उलट दिशेने, म्हणजे घुमलेल्या मायक्रोफोनच्या ट्रॅकमधून कोरडा बास वेगळा काढणे, जमत नाही.

लेखमालेचा पुढील भाग मिश्रणावर असल्याचे जाहीर झाले आहे. त्यात फोनच्या स्पीकरवर बास ऐकू न येण्याची चर्चा व्हावी, अशी विनंती आहे. तो चिमुकला स्पीकर 41 हर्ट्झ वाजवूच शकत नाही; तरी वरचे उपस्वर ठळक असले तर कान मूळ स्वर स्वतः भरून काढतो. म्हणून अनेक जण ट्रॅकच्या दोन प्रती करतात, सुमारे 200 हर्ट्झखालचा भाग स्वच्छ ठेवतात आणि वरच्या भागाला किंचित डिस्टॉर्शन (सिग्नलची मुद्दाम केलेली विकृती, जिच्याने उपस्वर वाढतात) देतात. असे करताना दोन्ही प्रतींतील विलंब जुळवला नाही तर त्या एकमेकींना खातात आणि आवाज आधीपेक्षाही पातळ होतो, हा इशारा त्यासोबत छापला तर बरे होईल.

आपला,
एक बासवादक वाचक