बाबा, तुमचं बर्फाचं उदाहरण फसलं

प्रिय आई-बाबा, सलाम.

फोनवरच सांगणार होतो पण आई फोन घेतला की आधी जेवलास का विचारते आणि मग राहूनच जातं, म्हणून लिहितोय. बाबा, संडे स्कूलमधे तुम्ही आम्हाला पाणी-बर्फ-वाफ शिकवायचे ना, रूपं तीन पण पाणी एकच, तसंच पिता, पुत्र, पवित्र आत्मा, ते परवा इथं पार फसलं.

जिनिंगवर कापसाच्या गाड्यांची लाईन, काट्यावर नंबर यायला दोन तास, आम्ही तिघं चहाच्या टपरीवर. आमच्या इलेक्ट्रिशियनचा कोणत्याच देवावर विश्वास नाही. दुसरा म्हणे, "तुमचं आपल्या दत्तासारखंच हाय न बे, तीन तोंडं." मी नाही म्हटलं आणि ऐटीत ग्लासातली वाफ दाखवून तुमचं उदाहरण ठोकलं. इलेक्ट्रिशियननं ग्लास खाली ठेवला, "बर्फ झाला का मंग पाणी रायते का? तं तुहा येशू मरायच्या आदल्या रात्री बागेत प्रार्थना कोणाले करत होता, सोतालेच?"

गेथशेमाने बागेतली ती प्रार्थना त्याला माहीत, इथंच मी गार! मिशनच्या शाळेत होता म्हणे.

रविवारी पाळकांना विचारलं तर ते हसायलाच लागले. एकच देव आलटून पालटून तीन रूपं घेतो, हे तिसऱ्या शतकात सबेल्लियस नावाचा माणूस शिकवायचा आणि चर्चनं ते चूक ठरवलं. 325 ला निकायाला बिशपांच्या परिषदेत पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा असं ठरलं, पवित्र आत्म्याबद्दलचं 381 ला वाढवलं, आणि त्रैक्य, म्हणजे तिघं मिळून एकच देव, हा शब्द तर बायबलमधे नाहीच. मोठमोठे बिशप वर्षानुवर्षं भांडले आणि मी ते हाफ चहात निपटवायला निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनला सांगितलं, तुझं बरोबर होतं, तिघं एकाच वेळी आहेत, एकमेकांशी बोलतात तरी देव एकच, आणि हे कसं ते मलाही पूर्ण कळत नाही. वाटलं आता टर उडवतो, तर त्यानं माझ्यासाठी चहा सांगितला.

मग दुसऱ्यानं खरं विचारलं. 2017 ला बोंडअळीनं त्याची पाच एकर कपाशी गेली, बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आणि काळा सडका कापूस, आणि त्याच हिवाळ्यात वडील गेले. "तुमचा देव चांगला हाय तं हे कायले?" बाबा, देवाची योजना असते, हे तुम्ही प्रत्येक मयतीत म्हणता ते माझ्या अगदी ओठावर आलं होतं, पण त्याचं तोंड बघून गिळलं. बायबलातलं लूक 13 मधलं सांगितलं, शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली, ती इतरांपेक्षा जास्त अपराधी होती का, तर येशू नाही म्हणतो. बुरूज का पडला ते मात्र तोही सांगत नाही. हे ऐकून आमचा गडी बराच वेळ गप्प बसला, मग म्हणे, "म्हंजे माह्या बाबाचं काही चुकलं नव्हतं." मी म्हटलं नाही.

लूकमधलं त्याच्या पुढचं येशूचं वाक्य, तुम्हीही पश्चात्ताप केला नाही तर तसाच नाश होईल, ते मी सांगितलंच नाही. हे लपवणं झालं का बाबा? मला तेच टोचतंय, तेवढं मात्र लिहा.

नाताळाला दोघांना घेऊन येतोय. आई, करंज्या जास्त कर, इलेक्ट्रिशियन दहा तर आल्या आल्याच खाईल. आणि बाबा, ते विचारतीलच, खुशाल वाद घाला पण बर्फाचं काढू नका, तो टपून बसलाय.

तुमचा,
लहाना