भूकंपाच्या वेळेतला हातचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

किल्लारीचा भूकंप ‘29 सप्टेंबर 1993 रोजी रात्री 10 वाजून 25 मिनिटांनी’ झाल्याचे नुकतेच एका टिपणात (ते आपल्या दैनिकातले नव्हते) वाचले. त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती आणि गणपती बोळवून माणसे झोपी गेल्यावर, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांच्या सुमारास, म्हणजे 30 तारखेला, घरे कोसळली, हे आमच्या पिढीला वेगळे सांगावे लागत नाही. तरीही टिपणकाराने आकडा मनाने रचलेला नाही. जागतिक प्रमाणवेळेत या भूकंपाची नोंद 29 सप्टेंबर, 22 वाजून 25 मिनिटे 50 सेकंद अशीच आहे. ती आपल्या घड्याळात न आणता तशीच उतरवली गेली, एवढेच.

भारतीय प्रमाणवेळ साडेपाच तासांनी पुढे आहे. 22:25:50 मध्ये 5:30 मिळवले की 27:55:50 होतात. त्यातून 24 वजा केले की पहाटेचे 3:55:50 उरतात. पण वजा केलेला तो दिवस हातचा म्हणून तारखेत मिळवायचा असतो, आणि चूक नेमकी तिथे होते. जागतिक वेळेचे 18:30 वाजले की आपल्याकडे मध्यरात्र होऊन तारीख बदलते, इतके ध्यानात ठेवले तरी पुरते. कोयनेचा 11 डिसेंबर 1967 चा पहाटे 4:21 चा भूकंपही याच कारणाने जागतिक नोंदीत 10 डिसेंबरला, 22:51 वाजता सापडतो. भूजच्या वेळी, 26 जानेवारी 2001 रोजी, 3:16 चे 8:46 झाले आणि तारीख तीच राहिली. मात्र बेरीज राहून गेली असती, तर झेंडावंदनाच्या सकाळचा भूकंप पहाटे सव्वातीनचा ठरला असता.

आणखी एक खोच आहे. आपण साडेपाच तास ‘5.30’ असे लिहितो, आणि संगणकाच्या तक्त्यात तो दशांश समजून मिळवला की उत्तर 12 मिनिटांनी कमी येते. नेपाळचे घड्याळ तर आपल्याहून 15 मिनिटे पुढे. 25 एप्रिल 2015 चा भूकंप काठमांडूत 11:56 चा आणि आपल्याकडे 11:41 चा, तरी दोन्ही वेळा बरोबरच आहेत.

आम्हा खान्देशवासीयांना हा विषय परका नाही. 14 मार्च 1938 रोजी सातपुड्यात मोठा भूकंप झाला होता. त्या काळी मुंबई शहरात प्रमाणवेळेच्या 39 मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ही चालत असे, त्यामुळे जुन्या कात्रणातली वेळ उचलताना ती कोणत्या घड्याळाची, हे आधी पाहावे लागते.

आपल्या दैनिकाने भूकंपाच्या बातमीत वेळेपुढे ‘भारतीय प्रमाणवेळ’ हे दोन शब्द छापावेत आणि परदेशी संस्थेची नोंद घेतल्यास तारीखही पडताळून घ्यावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
अमळनेर, जि. जळगाव