‘डिफेंडर’चा बारीक टाइप

संपादक महोदय,

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या वृत्तपत्रांचा विषय निघाला की अग्रलेखांचे कौतुक होते. वितरणाचे कुणी बोलत नाही. रॉबर्ट अ‍ॅबट यांनी १९०५ मध्ये शिकागोत ‘डिफेंडर’ हे असे वृत्तपत्र काढले, तेव्हा पहिला अंक जेमतेम ३०० प्रतींचा होता. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अनेक गावांत अंक जप्त होऊ लागले, विकणाऱ्यांना धमक्या येऊ लागल्या. मग रेल्वेच्या पुलमन शयनयान डब्यांतले कृष्णवर्णीय पोर्टर (सेवक) गठ्ठे घेऊन जात. न्हाव्याच्या दुकानात, चर्चमध्ये एकजण मोठ्याने वाची, बाकीचे ऐकत. त्यामुळे खपावरून वाचक मोजणे फसवेच. लिंचिंगच्या, म्हणजे जमावाने केलेल्या हत्यांच्या, बातम्यांबरोबर उत्तरेतल्या नोकऱ्यांच्या जाहिराती आणि रेल्वेच्या वेळाही छापल्या जात. माझ्या मते, दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांना गाव सोडून उत्तरेत जायला धीर दिला तो या बारीक टाइपातल्या मजकुराने.

आपल्याकडे १९२० मध्ये डॉ. आंबेडकरांचा ‘मूकनायक’ शाहू महाराजांच्या मदतीने उभा राहिला, पण फार वर्षे टिकला नाही. देणगीतून पहिले अंक निघतात. पुढचे वर्गणी आणि जाहिरातींवर. ‘डिफेंडर’ची छापील आवृत्तीही २०१९ मध्ये थांबली, आता तो फक्त इंटरनेटवर आहे. न्हाव्याच्या दुकानातला वाचक तिथे कसा पोचणार?

– एक वाचक, सोलापूर