ताई, त्या ‘नको’बद्दल आभार

ताई,

हे तोंडावर सांगायला गेलो असतो तर तुम्ही ‘चल, ऊन वाढतंय’ म्हणून सायकल पुढे काढली असतीत. म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

गेल्या वर्षी सायकल शर्यतीचा अर्ज मी मनात भरून टाकलाच होता. वय ४३, एकट्याने ४० किलोमीटर ताशी २८ च्या सरासरीने मारत होतो आणि त्या आकड्याच्या प्रेमात होतो. तुम्हाला विचारलं ते ‘हो’ ऐकायलाच. तुम्ही पंप खाली ठेवलात आणि म्हणालात, ‘पाय तयार आहेत तुझे. पण तुझ्या शेजारून सायकल चालवायची मला भीती वाटते. यंदा नको.’

खोटं कशाला बोलू, राग आला. त्यानंतरचे दोन रविवार मी आपल्या घोळक्यात सायकल चालवायला आलो नाही, गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा ठणठणीत होता.

एकटं चालवताना मात्र तुमचं म्हणणं डोक्यातून जाईना. घोळक्यात मी काय करायचो ते आठवत गेलो. पुढच्याच्या मागच्या चाकाला माझं पुढचं चाक समांतर घुसवायचो. घाबरलो की कचकन ब्रेक. मागे पाहायला मान वळवली की सायकलही त्याच बाजूला जायची. चाकाला चाक घासलं तर पुढचा बहुतेक वेळा सावरतो, आपटतो तो मागचा, आणि मग त्याच्या अंगावर त्याच्या मागचे. हे तुम्ही नंतर सांगितलंत. तोवर मला वाटायचं, पडलोच तर मी पडेन, माझं मी बघून घेईन.

तिसऱ्या रविवारी आलो तेव्हा तुम्ही गुडघ्याची चौकशीसुद्धा केली नाहीत. ‘माझ्या मागे लाग’ एवढंच म्हणालात. पुढचे कित्येक रविवार मी तुमच्या मागच्या चाकाकडे बघत काढले, आणि ‘चाकाकडे बघू नकोस, माझ्या खांद्यावरून पुढे बघ’ हे दर दहा मिनिटांनी ऐकलं. वेग थोडा कमी करायचा तर ब्रेक दाबण्याआधी जरा ताठ बसायचं, छाती वाऱ्यात घालायची. वळणावर ब्रेक आधीच मारून मोकळं व्हायचं, बाहेरचं पॅडल खाली, नजर जिथून बाहेर पडायचं तिथे.

माझा सगळ्यात लाडका बेत तुम्ही मोडीत काढलात तोही बरा मोडलात. मी ठरवलं होतं, आपण शेपटीला राहायचं, वारा पुढच्यांनी झेलायचा, म्हणजे सुरक्षित आणि फुकटात. तुम्ही मुद्दाम मला वळणावळणाच्या रस्त्यावर आठ जणांच्या मागे ठेवलंत. पहिला वळणातून जवळपास त्याच वेगाने निघून जायचा आणि माझ्यापर्यंत येईतो सगळी रांग आकसलेली. ब्रेक मारा, मग रांगेपासून तुटायला नको म्हणून जिवाच्या आकांताने पळा. वीस मिनिटांत मी गळालो. ताशी २५ वरून ३० वर जायचं तर नुसत्या वाऱ्याशी झुंजायला सुमारे ७० टक्के जास्त ताकद लागते, हे गणित मी वाचलं होतं. त्या दिवशी ते मांड्यांना कळलं.

यंदा अर्ज सुटले तेव्हा पुन्हा विचारलं. तुम्ही हो-नाही काहीच बोलला नाहीत, तीन प्रश्न टाकलेत. बाटली काढून, पिऊन, परत ठेवेपर्यंत सायकल सरळ रेषेत राहते का? राहते. मागे वळून पाहताना? आता राहते. ‘आणि मागे पडलास, एकटा उरलास, तर तोंड न पाडता संपवशील?’

इथे मी अडकलो. खरी भीती तीच होती. शेवटचा येण्याची, ओळखीच्या लोकांसमोर. मग तुम्ही १९०३ ची पहिली टूर द फ्रान्स, ती कित्येक दिवस चालणारी सायकल शर्यत, काढलीत: ६० जण निघाले, २१ पोहोचले, आणि त्यातला शेवटचा विजेत्याच्या जवळपास ६५ तास मागे होता. ‘तुझी शर्यत दीड तासाची आहे. मागे पडून पडून किती पडशील?’

मी हसलो आणि घरी जाऊन नवशिक्यांच्या गटाचा अर्ज भरला.

हँडलच्या टोकाचं हरवलेलं बूच बसवलंय. तुम्ही पाच वेळा बजावलं होतंत की पडल्यावर ती उघडी नळी अंगात घुसते आणि तपासणीत सायकल बाहेर काढतात. शेवटच्या आठवड्यात अंतर कमी करायचं हेही ऐकणार आहे, जड जाईल. नवे बूट मोह होऊनही घेतलेले नाहीत.

शर्यतीला अजून तीन आठवडे आहेत. या रविवारी नेहमीच्या वेळेला या. वारा समोरून असेल असं दिसतंय. पुढे मी राहतो, तुम्ही माझ्या चाकामागे बसा.

तुमचा,
मागून येणारा