तिसऱ्यातून दुसरा

प्रिय बंड्या,

तुझे दोन फोन येऊन गेले, मी एकही उचलला नाही. अण्णांचं वर्षश्राद्ध होऊन आठ महिने झाले, तेव्हापासून तुला साधी खुशालीही कळवली नाही. रागावला असशील तर तो तुझा हक्कच आहे. पण आज कुंभार्ली घाटात जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगावं सुचेना. आईला सांगितलं, तर म्हणाली, "बरं, हातपाय धू, जेवायला बस."

तिचा गुडघा आहे तसाच. बाकी सगळे बरे.

चाचांना मोतीबिंदूमुळे रात्रीचं दिसेना, म्हणून ट्रक आता मीच मारतो. हलक्या गाडीचं लायसन्स वर्षभर जुनं असल्याशिवाय हेवीचं शिकाऊही देत नाहीत. माझं पिकअपचं जुनंच होतं, त्यामुळे कागद झाले. गिअरचं मात्र काही केल्या जमेना. दुसऱ्या-तिसऱ्याचे सिंक्रो, म्हणजे गिअरचा वेग जुळवून देणाऱ्या कड्या, पार घासून गेलेत. गिअरबॉक्स खोलायचा म्हणजे पैसा, आणि तो दिवाळीपर्यंत नाही. तोवर डबल क्लच मारल्याशिवाय गत्यंतर नाही.

वरचा गिअर टाकणं त्यातल्या त्यात सोपं. क्लच, न्यूट्रल, क्लच सोड, इंजिन जरा उतरू दे, पुन्हा क्लच, गिअर. खालचा टाकतानाच सगळी परीक्षा. न्यूट्रलमध्ये क्लच सोडून रेस द्यायची, आणि ती नेमकी. तिसऱ्यात इंजिन मिनिटाला 1500 फेऱ्यांवर असेल, तर त्याच वेगाला दुसऱ्यात ते 2400 च्या आसपास हवं. सपाटीला जमतं रे. पण घाटात मागे तीनशे चिरे असतात, एक चिरा तीस किलोचा धर, म्हणजे नऊ टन. न्यूट्रल केलं की त्याच क्षणी गाडीचा वेग पडायला लागतो. रेस जास्त झाली तरी दात वाजतात, कमी झाली तरी वाजतात.

पंधरा दिवसांपूर्वी पोफळी सोडून वर चढताना तिसऱ्यात गाडी दबली आणि दुसरा पडलाच नाही. नुसती करकर. गाडी जागेवर. ब्रेकवर पाय रोवून बसलो, आरशात बघतो तर मागे एसटी, अगदी चिकटून. क्लीनरनं उडी मारून चाकामागे चिरा लावला, तेव्हा कुठे पहिल्यात उचलली. क्लचप्लेटचा जळका वास पाटण येईपर्यंत नाकातून गेला नाही. एसटीत शाळेच्या ड्रेसातली पोरं होती, खिडकीतून माना काढून बघत होती. त्या दिवसापासून डोळा लागला की तीच दिसतात. ब्रेकची हवा कमी असती तर? चिरा निसटला असता तर? चाळीस वर्षं अण्णांनी या घाटात कुणाला खरचटूही दिलं नाही, आणि मी चौथ्या खेपेला हे करून बसलो. आईला यातलं काही माहीत नाही, तूही बोलू नकोस.

चाचा म्हणाले, "मी बसतो शेजारी." दिसत नसतानाही आले. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "गिअरची मूठ ढकलू नको. दोन बोटांनी टेकव नुसती. दात जुळत नाहीत तोवर मूठ थरथरते. जुळले की गप होते, तेव्हा आपसूक जाते. आणि इंजिन रडायची वाट बघू नको, चढ दिसला की गिअर." मूठ तीच आहे बरं का, जुन्या गाडीची. अण्णांनी लेथवाल्याकडून आटे पाडून या गाडीला बसवली होती. वरचे आकडे पुसून ती आता सुपारीसारखी गुळगुळीत झालीय.

आज तेच वळण. काटा 1500 ला टेकायच्या आत क्लच दाबला, न्यूट्रल, क्लच सोडून एक रेस, पुन्हा क्लच, मुठीवर दोन बोटं. थरथर आली, विरली, आणि दुसरा पडला. आवाजच नाही रे! इंजिनाचा सूर तेवढा वर गेला, अण्णांच्या वेळी जायचा तसाच. चाचा काही बोलले नाहीत, हात काढून घेतला फक्त.

तुला आठवतं, ओकारी येऊ नये म्हणून तू घाटभर डोळे मिटून बसायचास आणि अण्णा कुठल्या गिअरला आहेत ते नुसत्या आवाजावरून सांगायचास? (तरी चिपळूणच्या आत दोनदा ओकायचासच, आणि खिडकी मात्र सोडायची नाही!) मी म्हणायचो, तू चोरून बघतोस. त्यावरून आपण एक अख्खी खेप बोललो नव्हतो. अण्णांनी शिरगावला भजी घेऊन दिली, तीसुद्धा तू पाठ करून खाल्लीस. तू बघत नव्हतास, बंड्या. आज मला ते ऐकू आलं.

तुझ्या बदलीचं आईकडून कळलं. नागपूर लांब पडेल, पण क्वार्टर मिळालं हे बरं झालं. पोरीची दहावी यंदाच ना? वहिनींना नमस्कार सांग.

परवा पुन्हा चिरे भरायचेत. आज साधलं ते परवा, भरल्या पावसात, चाचा शेजारी नसताना साधेल का, हे काही डोक्यातून जात नाही. दिवाळीला येशील तेव्हा एक खेप माझ्याबरोबर कर. खिडकी तुझी. पोफळी मागे पडली की डोळे मीट, मी विचारीन कुठला गिअर. बघतोस म्हणून या वेळी भांडणार नाही.

तुझा,
दाद्या